बंदरात मारलेली हाक

"सोबत बाई मॅनेजर आहे का?"

लातूरच्या आमच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात फोन आला की बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच असायचा. मुक्काम कुठं, जेवण कसं, गाडीत एसी आहे का, हे सगळं त्याच्या मागून. उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूर या भागातल्या बाया घरच्या माणसांशिवाय सहलीला निघायच्या म्हणजे घरच्यांना एवढी एक खात्री लागायची. ती खात्री म्हणजे मी.

टूर मॅनेजर हे नाव ऐकायला भारी आहे. प्रत्यक्षात हे काम म्हणजे फिरत्या लग्नघरातल्या थोरल्या जावेचं काम. कुणाला खिडकी पाहिजे, कुणाला पुढची सीट, कुणाला चहात साखर चालत नाही आणि कुणाला साखरेशिवाय चहा चालत नाही. आमचा आचारी सोबत असायचा आणि ज्वारीच्या पिठाची पोती गाडीच्या डिक्कीत. कोकणात उतरून दोन वेळा भात खाल्ला की आमच्या माणसांचा चेहरा पडतो. "म्याडम, भात खाल्ला, आता जेवण कवा?" असं मला एका आजींनी खरोखर विचारलं आहे.

दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत आमचा हंगाम. त्यामुळं कितीतरी दिवाळ्यांत माझ्या घरी करंज्या माझ्या सासूबाईंनी तळल्या आणि मी दुसऱ्यांच्या सासूबाईंना घेऊन समुद्रकाठी हिंडत होते. मुलांच्या लहानपणीच्या दिवाळ्या मला फोटोत बघाव्या लागतात, याची हळहळ आहे. पण या नोकरीनं मला जी माणसं दिली ती घरात बसून भेटली नसती, हेही तेवढंच खरं. आज दिवाळी अंकासाठी लिहायला बसले आहे ते त्यांचे उपकार आठवून.

मी मूळची मुरुडची. मुरुड म्हटलं की कोकणातली माणसं एकदम खूश होतात. मालवणच्या बंदरात आमच्या सहलींना ज्यांची होडी ठरलेली असायची ते बाबलकाका पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "मुरुडचा माहेर? मगे तुमका दर्या काय नवीन!" त्यांना वाटलं समुद्रकाठचं मुरुड. मी म्हटलं, "काका, आमचं मुरुड लातूर जिल्ह्यात. आमच्याकडं पाणी बघायचं तर टँकरची वाट बघावी लागते." ते इतके हसले की तेव्हापासून मी त्यांची 'बिनपाण्याची मुरुडकरीण' झाले.

खरं तर समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो दोन मुलांची आई झाल्यावर, याच नोकरीत. आणि पुढच्या खेपेपासून तोच समुद्र मी लोकांना समजावून सांगायला लागले. ऑफिसनं एक माहिती छापून दिली होती, ती मी पाठ केली. बंदर म्हणजे काय, धक्का म्हणजे काय, दीपगृह कशासाठी, किल्ला कुणी बांधला. कविता म्हणावी तशी म्हणायची. लोक मान डोलवायचे आणि किती समजायचं ते देव जाणे.

बंदरफेरीचं आमचं गणित साधं होतं. होडीत चढण्याआधी पोटभर खायचं नाही आणि अगदी उपाशीही राहायचं नाही. तोंडात आवळासुपारी धरायची. भित्र्या माणसाला मधोमध बसवायचं, कारण होडी तिथं सगळ्यात कमी हलते. पाण्याकडं न बघता लांब बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोड्या. सहल निघतानाच मी प्रत्येक बाईला एक जोडीदारीण द्यायची. गाडीत, देवळात, होडीत प्रत्येकीनं फक्त आपली जोडीदारीण आहे का एवढंच बघायचं. मग माणसं मोजायची गरज पडत नाही. माणूस हरवलं की जोडीदारीण आधी ओरडते.

चंद्रकलाबाईंची जोडीदारीण म्हणून मी पार्वतीबाईंना दिलं होतं. ही सहल उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावातल्या बचतगटाची. संक्रांत झाली होती, तुरी निघाल्या होत्या आणि ज्वारी अजून उभी होती. बायांना जरा उसंत होती. पार्वतीबाई गटाच्या अध्यक्ष, बोलायला खणखणीत. चंद्रकलाबाई पन्नाशीच्या, गळ्यात तुळशीची माळ, कमी बोलणाऱ्या. घाट उतरून कोकणात शिरलो आणि बाजारातल्या मासळीचा वास आला तेव्हा त्यांनी पदर नाकाला लावला, तो मुक्कामी पोचेपर्यंत काढला नाही.

पण या बाईंचं एक मला विशेष वाटलं. सगळ्या बाया किल्ला कुठं, देऊळ कुठं, खरेदी कुठं असं विचारत होत्या. ह्या मात्र हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "म्याडम, मासे जिथं उतरवतेत, तिथून जाती का आपली बोट?"

माळकरी बाई आणि मासे उतरवायची जागा! मला हसू आलं. म्हटलं, "जाते की. पण लांबून. तुम्हाला वास सहन व्हायचा नाही."

"सहन करते," त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

सकाळी बाबलकाकांची होडी धक्क्याला लागली. नऊवारीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवताना जो हशा पिकला तो सांगायला नको. एकमेकींचे फोटो काढून झाले, गंगामाईच्या नावानं हळदकुंकू वाहून झालं. होडी निघाली आणि मी माझी पाठ केलेली माहिती सुरू केली. डावीकडं किल्ला, समोर खडक, उजवीकडं मासेमारीचे ट्रॉलर. चंद्रकलाबाई किल्ल्याकडं ढुंकूनही बघत नव्हत्या. त्यांची नजर काठावर लागलेली.

मासळी उतरवायच्या धक्क्यासमोर आलो. तिथं मोठी गडबड चालली होती. पाट्या, ओरडा, वर घारी घिरट्या घालताहेत. बर्फाच्या कारखान्यातून माणसं बर्फ भरलेले क्रेट ओढत ट्रॉलरकडं आणत होती. मी सांगत होते, "मासळी टिकावी म्हणून हा बर्फ..." आणि चंद्रकलाबाई ताडकन उभ्या राहिल्या.

होडी एका बाजूला कलली. बाया किंचाळल्या. बाबलकाका ओरडले, "बाय, खाली बसा! कलंडतली होडी!" मीही घाबरून जोरात रागावले, "चंद्रकलाबाई, बसा आधी!" पार्वतीबाईंनी त्यांच्या कमरेला मिठी मारली. पण त्या खाली बसायला तयार नव्हत्या. त्यांनी तळहात तोंडाच्या कडेला धरला आणि हाक मारली.

"ए बालाऽऽऽ! ए बालाजीऽऽऽ!"

ही हाक आमच्याकडच्या माणसांना सांगायला नको. बांधावर उभं राहून पार तिकडच्या शिवारातल्या माणसाला जेवायला बोलवायची ती हाक. शेवटचा स्वर वर चढवून लांबवायचा. पण होडीच्या मशीनचा आवाज एवढा की ती अर्ध्यात विरली. बाबलकाकांना काय समजलं कोण जाणे, त्यांनी मशीन बंद केलं. "आता मारा," ते म्हणाले. "आवाज पाण्यावरून लांब जाता."

चंद्रकलाबाईंनी पुन्हा हाक मारली. धक्क्यावर क्रेट ओढणारा एक उंच, सडपातळ तरुण थांबला. त्यानं मान वर केली. आमच्या होडीकडं पाहिलं. आमच्या सगळ्या नारिंगी जॅकेटांतून त्याला आई दिसली असावी, कारण त्याच्या हातातली दोरी गळून पडली. तो तसाच उभा राहिला. मग वळला आणि कारखान्याच्या दारातून आत निघून गेला.

चंद्रकलाबाई खाली बसल्या. "त्योच हाय," त्या म्हणाल्या. "चालण्यावरून वळखलं."

बाबलकाका माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "झील काय तो त्यांचो?" झील म्हणजे मुलगा. मला काय माहीत! मग पार्वतीबाईंनी सांगितलं आणि राहिलेलं चंद्रकलाबाईंनी.

बालाजी चंद्रकलाबाईंचा थोरला. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून वडिलांनी त्याला लातूरला क्लासला घातलं, डॉक्टर करायचं म्हणून. आमच्या लातुरात अशी पोरं रस्त्यारस्त्यावर दिसतात, पाठीवर दप्तर आणि डोळ्यांत झोप. दोनदा परीक्षा दिली, दोनदा नंबर लागला नाही. दुसऱ्या निकालाच्या दिवशी घरात पाव्हणे बसले होते. त्यांच्यासमोर त्याचे अण्णा, म्हणजे वडील माणिकराव, बोलून गेले, "ह्याच्यापरीस बैल बरा, राबतो तरी." पोरगा तेव्हाच उठला आणि गेला. फोन बंद. पुण्याला शोधलं, हैदराबादला शोधलं. सगळीकडं शोधून बेजार झाले. मग गावातल्या एका ट्रक ड्रायव्हरनं चंद्रकलाबाईंना सांगितलं, "काकू, मालवणात मासे उतरवतेत तिथं बालाजीसारखा एक दिसला मला. पण नक्की सांगता येत न्हाई." नवऱ्याला सांगावं तर त्यांनी त्याचं नाव घरात काढू दिलं नव्हतं. एकटीनं यावं तर उदगीरच्या पुढं त्या कधी गेल्या नव्हत्या. अशात बचतगटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला आणि कधी नव्हे ते चंद्रकलाबाई बोलल्या, "समुद्राला जाऊ."

"आन् मला बी आत्ता सांगायली ही!" पार्वतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ट्रकवाल्याचं तर आत्ता कळालं मला."

चंद्रकलाबाई म्हणाल्या, "चला म्याडम, म्होरं चला. दिसला. जिता हाय. लई झालं."

"काय लई झालं?" पार्वतीबाई उसळल्या. "एवढ्या लांब आलीस आन् लांबून बघून जाती व्हय?"

त्या दिवशी बंदरफेरीनंतर तारकर्लीच्या किनाऱ्यावर जायचं, पाण्यात खेळायचं, असं ठरलं होतं. बाया घरून निघाल्यापासून त्याच गोष्टी करत होत्या. मी सगळ्यांकडं पाहिलं. मी काही विचारायच्या आत मागून एक म्हातारी म्हणाली, "समुद्र काय पळून चालला न्हाई. आधी लेकरू बघा."

बाबलकाकांनी होडी वळवली. मासळीच्या धक्क्याला प्रवाशांची होडी लावता येत नाही, म्हणून आधी आमच्या धक्क्याला आलो. मॅनेजरनं गट सोडून जायचं नाही हा आमचा नियम. तो मी त्या दिवशी मोडला आणि गट पार्वतीबाईंच्या ओटीत टाकला. "जिम्मा तुमचा," म्हटलं आणि चंद्रकलाबाईंना घेऊन चालत निघाले. सोबत बाबलकाका. त्यांच्या ओळखीशिवाय कारखान्यात कुणी आत घेतलं नसतं.

मासळीच्या धक्क्यावर जमीन ओली, निसरडी. खवल्यांचा थर, पाण्यात रक्त. मी नाकाला रुमाल लावला. मी चंद्रकलाबाईंकडं पाहिलं. पदर डोक्यावर होता, नाकाला नव्हता. त्या सरळ चालत होत्या.

बाबलकाका आत गेले. बराच वेळ कुणी आलं नाही. आतून फक्त बर्फ फोडायचा आवाज येत होता. मग तो आवाज थांबला आणि बालाजी बाहेर आला. खांद्यावर ओलं पोतं, पायात रबरी बूट, हात लालभडक. आईपासून चार हात लांब उभा राहिला.

"माय, तू इथं कशी?"

"सहलीला आले," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं बाई हंबरडा फोडतील. पण त्या असं बोलल्या, जणू उदगीरच्या बाजारात भेट झाली.

"कामून?"

"समुद्र बघायला. तू बघतूस, मला नगं का?"

तो हसला आणि हसता हसता रडायला लागला. मग त्यांनी पुढं होऊन त्याचे दोन्ही हात धरले. बर्फात काम करून ते हात इतके गार झाले होते की त्या दचकल्या. त्यांनी ते आपल्या काखेत दाबून धरले, लहान लेकराचे धरतात तसे.

"मी येणार न्हाई घरी," तो म्हणाला.

"ये मनलं का मी?"

"अण्णांला सांगू नको."

"सांगणार." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एकदा लपून आले. दुसऱ्यांदा लपून येणं व्हत न्हाई माझ्यानं. तू फोन उचलत जा. बाकी काय मागत न्हाई."

मी आणि बाबलकाका तोंड फिरवून समुद्राकडं बघत उभे होतो. बाबलकाकांसारखा माणूस, जन्म समुद्रावर गेलेला, तोही असा बघत होता जणू समुद्र आजच आला आहे.

परत आलो तर बाया धक्क्यावर तशाच बसलेल्या. कुणी चहालाही उठली नव्हती. बालाजी सोबत आला होता. सगळ्यांनी त्याला घेरलं. कुणी गालावरून हात फिरवून बोटं मोडली, कुणी शेंगदाण्याचा लाडू हातात ठेवला. बाबलकाका बालाजीकडं बोट करून म्हणाले, "फेरी अर्धी ऱ्हवली मा? चला, पुरी करूया. हेकाय घेवा."

त्या उरलेल्या फेरीत मी गप्प बसले आणि बालाजी बोलत होता. बाया विचारत होत्या, तो सांगत होता. "मावशे, ते जाळं हाय ना, आपली कडब्याची गंजी असती, तेवढा ढीग व्हतो त्याचा." "दीपगृह म्हंजे काय, तर रानात रात्री कंदील दाखवतो न्हाई का आपण, इकडं बांध हाय, तिकडं जाऊ नको मनून, तसं." "बंदर म्हंजे जहाजाचा गोठा. वारं सुटलं की दावणीला येतेत." इतकी वर्षं मी जी माहिती कवितेसारखी म्हणत होते ती त्या बायांना पहिल्यांदा दिसत होती. मी मनातल्या मनात ऑफिसच्या छापील कागदाला रामराम केला आणि पुढं सगळ्या सहलींत बालाजीचीच वाक्यं वापरली. त्याची परवानगी घेऊन, बरं का.

बाबलकाका सुकाणू धरून ऐकत होते. उतरताना मला म्हणाले, "ह्यो बोलता बरो. बर्फात कित्याक कुजता?" कित्याक म्हणजे कशाला. त्याच हंगामात त्यांनी त्याला आपल्या होडीवर घेतलं.

आम्ही तारकर्लीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. चंद्रकलाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. लाट आली की खळखळून हसायच्या. सगळ्या सहलीत त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, असं पार्वतीबाईंकडून कळलं. माणिकराव ऐकून उठले आणि रानात गेले. महिने गेले. बालाजी आईचा फोन उचलायचा. वडिलांचा फोन त्याला कधी आला नाही.

पुढच्या हिवाळ्यात ऑफिसात एक फोन आला. पलीकडच्या माणसानं सोबत बाई मॅनेजर आहे का, असं विचारलं नाही.

"समुद्राच्या सहलीत एक शीट पायजे."

"नाव सांगा."

"माणिकराव."

गावाचं नाव सांगितलं आणि मला कळलं. मी सीट लिहून घेतली. रात्रीच्या जेवणाआधी बालाजीला फोन लावून सांगितलं. तो म्हणाला, "येऊ द्या."

माणिकराव आले ते पांढरंशुभ्र धोतर, सदरा, डोक्याला टोपी आणि मांडीवर एक कापडी पिशवी. ती त्यांनी वर ठेवू दिली नाही, डिक्कीत टाकू दिली नाही. वाटेत कुणाशी बोलले नाहीत. त्यांना जोडीदार म्हणून मी नांदेडचे एक निवृत्त गुरुजी दिले होते. तेही कंटाळून झोपी गेले.

मालवणच्या धक्क्यावर बालाजी होडीत उभा होता. एकेका प्रवाशाला हात देऊन आत घेत होता. माणिकरावांची पाळी आली तेव्हा त्यांनी होडीची कड धरली आणि आपले आपण चढले. मी त्यांना मधोमध बसवलं. पिशवी त्यांनी पायाशी ठेवली.

बालाजी पुढच्या टोकाला उभा राहून सांगत होता. नेहमीसारखंच सांगत होता, फक्त मधल्या बाकाकडं बघत नव्हता. जाळं, ट्रॉलर, बर्फाचा कारखाना. तिथं मात्र तो एक वाक्य बोलून पुढं सरकला. माणिकरावांनी त्या कारखान्याकडं होडी पुढं जाईपर्यंत मान वळवून पाहिलं.

होडीत आमच्याशिवाय पुण्याचं एक कुटुंब होतं. त्यातल्या गृहस्थांनी कॅमेरा खाली करून शेजारच्या माणिकरावांनाच विचारलं, "काका, फार छान सांगतो हो हा मुलगा. बोली मात्र इकडची वाटत नाही. कुठला असेल?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"उदगीरकडचा," माणिकराव म्हणाले. मग थोडं थांबले आणि पुढच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा थोरला हाय त्यो."

बालाजीचं वाक्य अर्ध्यात तुटलं. होडीतली सगळी माणसं तो पुढं काय सांगतो म्हणून त्याच्याकडं बघत राहिली. एक लाट होडीच्या कडेवर आपटली आणि पाणी आत उडालं. माणिकरावांनी पायाशी वाकून पिशवी उचलली, दोन्ही हातांनी मुलाकडं धरली आणि म्हणाले,

"पाणी उडायलंय. ज्वारीचं पीठ हाय ह्यात, तुझ्या मायनं दळून दिलंय. वर धर, भिजंल."

बालाजी माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत मधल्या बाकापर्यंत आला. त्यानं ती पिशवी घेतली, छातीशी धरली आणि वडिलांच्या शेजारी जागा नव्हती, तरी बसला. पुण्याचे गृहस्थ न सांगता सरकले. उरलेल्या बंदराची माहिती त्या दिवशी कुणी सांगितली नाही आणि कुणी विचारलीही नाही.